‘कट’ म्हटल्यानंतर

“तोंड मिटा हो जरा. किती वेळ असे आ वासून बसणार आहात?”

हे मी समोरच्या स्क्रीनला म्हणत होते. स्क्रीनवर भाऊ होते. अर्धे डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक भुवई कपाळात गेलेली. चालतं चित्र मधेच थांबवलं की भलाभला देखणा माणूससुद्धा असाच दिसतो, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण मला त्याच्या अलीकडचा एखादा बरा क्षण हवा होता, तो काही केल्या सापडत नव्हता आणि मी वैतागले होते.

“मिटलं,” मागून आवाज आला.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. खुर्चीसकट गर्रकन वळले तर दारात साक्षात भाऊ. तोंड घट्ट मिटून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. खांदे भिजलेले होते. आमच्या एडिटिंगच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आम्हाला येणाऱ्याच्या खांद्यांवरून कळतं.

“अहो, मी… तुम्हाला नव्हते म्हणत,” मी म्हणाले.

“मग हा कोण?” त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. “माझा जुळा?”

एरवी माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, पण त्या दिवशी आयत्या वेळी जिभेने दगा दिला.

“डबिंगची खोली शोधत होतो,” ते म्हणाले. “चुकीचं दार उघडलं.” मग खोलीभर नजर फिरवून, तीन स्क्रीनवरचे स्वतःचे तीन चेहरे बघून हळूच म्हणाले, “…की बरोबर उघडलं?”

भाऊ म्हणजे टीव्हीवरचा जुना माणूस. तीस वर्षं झाली असतील. आधी नायकाचा मित्र, मग नायकाचा मोठा भाऊ — ते नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच — आणि आता नायिकेचा बाप. नायक तेवढे कधी झाले नाहीत. चालू मालिकेतही ते बापच होते आणि त्या मालिकेचं एडिटिंग माझ्याकडे होतं. म्हणजे रोज सकाळी शहराबाहेरच्या सेटवर ते जे काही करत, ते दुपारी माझ्या खोलीत येई आणि मी बसून त्यातलं नको ते कापून टाकी. त्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती मला पाठ होती. त्यांना मात्र मी कोण, काळी की गोरी, ठाऊक नव्हतं.

“बसू का जरा?” म्हणत ते बसलेसुद्धा. “तुम्ही मला रोज बघता?”

“रोज. दिवस दिवस.”

“कंटाळा नाही येत?”

“येतो ना.”

ते हसले. अगदी मोकळं, मान मागे टाकून. आणि माझी जीभ शुद्धीवर आली.

“हे बघा, हे असं हसत जा,” मी म्हणाले. “सीनमध्ये हसता ते खोटं असतं. खांदे हलतात तुमचे, डोळे हलत नाहीत.”

“तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.”

“कुणी एवढं निरखून बघितलं नसेल,” मी बोलून गेले आणि मग जीभ चावली. विषय बदलायला घाईघाईने पुढे म्हणाले, “खरं हसता तुम्ही ‘कट’ झाल्यावर.”

“‘कट’नंतरचंही दिसतं तुम्हाला?”

“सगळं दिसतं. डायरेक्टर ‘कट’ म्हणाला तरी कॅमेरा लगेच थोडाच बंद होतो? थोडा वेळ चालूच असतो. तुमचं खोकणं, पुटपुटणं, ‘चहा कुठंय’… सगळं माझ्याकडे येतं.”

“आणि तुम्ही ते कापून टाकता.”

“मग काय, लोकांना दाखवू?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतंच. मी इतक्या वर्षांत त्यांचे लाखभर कटाक्ष पाहिले असतील, पण त्यातला एकही माझ्याकडे नव्हता, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ते उठून डबिंगला गेले. खुर्चीच्या पाठीवर ओला डाग राहिला. तो वाळेपर्यंत मी त्या खुर्चीत कुणाला बसू दिलं नाही. वय वर्षं बेचाळीस, आणि हे उद्योग.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं फुटेज आलं. भाऊ मुलीला रागवतात, असा साधा सीन होता. रागावले, डायरेक्टर ‘कट’ म्हणाला, मुलीचं काम करणारी पोरगी मोबाइल शोधायला पळाली. आणि भाऊ वळले, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले, थेट भिंगात बघून हळूच म्हणाले, “एडिटरबाई, तोंड मिटलंय आज. जेवलात का?”

मी हेडफोन काढून इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. “जेवलात का?” मी स्क्रीनला सांगितलं, “हो, जेवले.” वेड लागलं असं म्हणतात ते याहून निराळं नसावं.

मग ते रोजचंच झालं. कॅमेरामन त्यांचा जुना दोस्त. तो कॅमेरा चालू ठेवायचा आणि आपण त्या गावचेच नाही असं दाखवायचा. कॉलरला माइक लावलेला असायचाच. त्यामुळे ‘कट’नंतरचं ते थोडंसं रोज माझ्याकडे यायचं. “आज डोळे सुजलेत, झोप नाही झाली. कारण विचारू नका.” “आजचा डायलॉग कुणी लिहिलाय? त्याला माझ्यातर्फे एक चहा पाजा आणि घरी पाठवा.” “तुमच्या खोलीला खिडकी नाही ना? इकडे पाऊस थांबलाय. झाडांवरून अजून पडतोय. एवढंच कळवायचं होतं.”

एवढंच कळवायचं होतं. मी ते वाक्य किती वेळा ऐकलं, ते नाही सांगत.

आमच्या युनिटमध्ये लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही आधी म्हणायचे. आता मात्र ते तोंडातून निघेना. कामाचं बोलताना मी ‘ते’, ‘त्यांचा शॉट’ असं करायला लागले, आणि शेजारच्या खोलीतल्या साउंड मिक्सिंगवाल्याचे कान टवकारले. त्याला आम्ही कर्णा म्हणतो, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही.

एके दिवशी भिंगात बघून ते म्हणाले, “हा एकतर्फी कारभार झाला. मी बोलतोय, पण तिकडे माणूस आहे की भिंत, काही कळत नाही. ऐकत असाल तर खूण करा.”

खूण! मी बापडी काय खूण करणार? त्यांचा फोन नंबर प्रॉडक्शनच्या कुणाकडेही मिळाला असता. पण फोन करून बोलणार काय? माझ्या हातात एकच गोष्ट होती… कधी कापायचं आणि कधी नाही.

त्या दिवशीच्या भागात त्यांची मुलगी घर सोडून जाते आणि ते दाराकडे बघत राहतात, असा शॉट होता. एरवी असा शॉट मी पटकन कापते आणि रडणारी आई दाखवते. त्या दिवशी नाही कापला. ते दाराकडे बघत राहिले, त्यांनी आवंढा गिळला, हात खुर्चीच्या पाठीवर आधाराला गेला, तरी मी थांबले. लेखकाने न लिहिलेलं काहीतरी त्या चेहऱ्यावर येईपर्यंत थांबले. मग कापला.

रात्री आठला आई टीव्हीसमोर होती. माझी आई ही मालिका पोथीसारखी बघते आणि मी ती एडिट करते, याचं तिला काडीचं कौतुक नाही.

“आज त्या भाऊंना बराच वेळ दाखवलं,” ती म्हणाली. “बरं वाटलं बाई. एरवी नुसती पळवापळवी. माणसाचा चेहरा नीट बघून होत नाही तोवर दुसराच पुढे.”

“हं,” मी म्हणाले. आणि आत जाऊन उगाचच कपाटातले कपडे काढून पुन्हा लावले.

दुसऱ्या दिवशी ‘कट’नंतर ते लगेच आले नाहीत कॅमेऱ्याजवळ. आले ते खाली मान घालून. “मिळाली,” एवढंच म्हणाले. “खूण मिळाली.” आणि तीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेल्या माणसाला त्या दिवशी कॅमेऱ्याकडे बघवेना. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मी चित्र मोठं करून खात्री करून घेतली, लालच होत्या.

डायरेक्टर मात्र वैतागला. “अगं, शॉट लांबलाय तो.”

“भावना आहे त्यात.”

“भावना आहे की तुझी डुलकी लागली होती?”

असं आमचं चाललं होतं. ते बोलायचे, मी लांबवायचे. कधी त्यांनी चहाचा कप खाली ठेवल्यावरचा रिकामा हात. कधी पाठमोरे चालत जाताना मान किंचित वळते तो क्षण. त्या लांबवलेल्या क्षणांतून काय काय सांगितलं मी त्यांना! माझं लग्न ठरून मोडलं होतं आणि मग पुन्हा ठरवायचं राहूनच गेलं, हे एवढं सोडून बहुतेक सगळं.

आणि त्यांनीही सांगितलं. तुकड्यातुकड्याने. एकदा म्हणाले, “आज मुलीचा वाढदिवस. दातांची डॉक्टर आहे, लांब असते. ती जन्मली त्या दिवशी मी सेटवर होतो. गंमत म्हणजे सीनही तोच, बाप झाल्याचा. कुणाचंतरी बाळ हातात घेऊन ढसाढसा रडलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं बाळ मी तिसऱ्या दिवशी पाहिलं.” मागे कुणीतरी “भाऊ, पुढचा सीन” म्हणून ओरडलं आणि चित्र संपलं.

मी काय लांबवणार होते त्याला उत्तर म्हणून? त्या दिवशी डोळ्यांत पाणी आल्याने कामच झालं नाही.

कर्ण्याला वास लागायचा तो लागलाच. एकदा मी हेडफोन न लावताच बसले होते, तेव्हा त्याने मागे उभं राहून सगळं ऐकलं.

“भाऊंचं काय मनावर घेतेस?” तो हसत म्हणाला. “गोड बोलून खिशात घालणं हा त्यांचा हातखंडा आहे. मागच्या मालिकेत मेकअपवाल्या ताईंसाठी रोज चारोळी असायची.”

“मग?”

“मग काय, मालिका संपली, चारोळ्या संपल्या. नट आहेत ते. आपण कामावर डबा खातो तसे ते गोड बोलतात.”

मी उडवून लावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मला त्यांचं खोटं हसणं ओळखता येतं, असा माझा केवढा तोरा. पण त्याच आठवड्यात एक सीन आला. भाऊ मालिकेतल्या बायकोला म्हणतात, “तू घरात नसलीस की मला काही सुचत नाही.” मी तो शॉट पाहिला आणि मागे नेऊन पुन्हा लावला. तेच डोळे. तीच मान किंचित कललेली. झाडांवरून अजून पाऊस पडतोय म्हणाले होते, तेव्हा जसे दिसत होते अगदी तसेच.

म्हणजे हा माणूस हवं तेव्हा असा दिसू शकतो. मग माझ्याशी बोलतानाचं कोणतं? खरं की केलेलं? मी दोन चित्रं शेजारी शेजारी लावून बघत बसले. मला, चेहरे वाचून पोट भरणाऱ्या बाईला, फरक सांगता येईना. आणि तरी दुसऱ्या दिवशी फुटेज यायला उशीर झाला तर जीव नुसता कासावीस. विचारायला जायची हिंमत नाही, आणि न विचारता राहवत नाही.

एका दुपारी डायरेक्टर चहा पिता पिता म्हणाला, “भाऊंना मारायचंय.”

“काय?”

“हार्ट अटॅक. मुलीचं बाळंतपण आहे म्हणून सुट्टी मागतायत, तीही काही महिन्यांची. कदाचित तिकडेच राहतील म्हणे. एवढी लांब सुट्टी कोण देतं? त्यापेक्षा मारलेले बरे.” बिस्किट चहात बुडवावं इतक्या सहज बोलला तो.

संध्याकाळी आलेल्या फुटेजमध्ये तेही बोलले. “तुम्हाला कळलं असेलच. मुलीच्या वेळी हुकलं, या वेळी हुकवायचं नाही. जायला हवं मला.” मग थांबले. मागे लोक दिवे हलवत होते, कुणी शिडी ओढत होतं. “एक सांगायचं आहे तुम्हाला. आत्ता नाही. शेवटचा शॉट झाला की सांगतो. पाठ करतोय.”

पाठ करतोय! ज्या माणसाला पानभर संवाद एकदा वाचून पाठ होतात, तो माणूस एक वाक्य पाठ करत होता. ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. आई म्हणाली, “भाजीत दोनदा मीठ घातलंस, चहात एकदाही साखर नाही. बरी आहेस ना?”

शेवटच्या शॉटचं फुटेज आलं. हॉस्पिटलची खोली, पलंगावर भाऊ. बायकोचा हात हातात. दोन वाक्यं बोलले, डोळे मिटले, मान कलली. सुंदर मेले. डायरेक्टर म्हणाला, “कट.” मागे टाळ्या वाजल्या. मी खुर्चीच्या टोकाला आले.

ते उठले नाहीत. डोळे मिटलेलेच. टाळ्या थांबल्या, माणसं पांगली, कॅमेरा चालूच होता. ओठ जरासे हलले, वाटलं आता… आता बोलतील. आणि पुन्हा मिटले. छाती एकदा वर आली, खाली गेली. चित्र संपलं.

बस्स. एवढंच. सांगायचं होतं ते सांगितलंच नाही.

मी ते पुन्हा लावलं. पुन्हा. वाटलं आवाज दबला असेल, म्हणून कर्ण्याकडे नेऊन ऐकलं. काही नाही. मालिका संपली, चारोळ्या संपल्या, हे त्याने म्हटलं नाही, पण त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग भाग पाठवायची वेळ होत आली म्हणून मी तो शॉट लावला आणि नेहमीसारखा लांबवला. ते बोलतील म्हणून जेवढा वेळ मी बघत बसले होते, तेवढा सगळा. आणि इतक्या वेळा पाहून माझ्या डोळ्यांना त्यातलं दुसरं काही दिसेनासं झालं होतं. मला दिसत होते फक्त ते न बोललेले ओठ. वर आलेली छाती दिसलीच नाही.

रात्री आई टीव्हीसमोर पदर डोळ्यांना लावून बसली होती. एकदम तिने पदर खाली घेतला. “अगं, हे जिवंत आहेत की. श्वास घेतला बघ.” आणि खूश होऊन म्हणाली, “मला वाटलंच होतं. उद्या उठून बसणार.”



सकाळपर्यंत तो तुकडा ज्याच्या त्याच्या फोनवर पोचला होता. मेलेला माणूस श्वास घेतो. कुणी त्याखाली घोरण्याचा आवाज टाकला, कुणी गाणं. डायरेक्टर माझ्या खोलीत आला तेव्हा तो ओरडलाही नाही, हेच जास्त लागलं.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “त्यांची काही नाही. श्वास त्यांनी ‘कट’नंतर घेतलाय.”

“ते तुला ठाऊक, मला ठाऊक. लोकांना काय? तीस वर्षं काम केलेल्या माणसाचं शेवटच्या दिवशी हसं केलंस तू.”

मी उठले. मशीन चालू तसंच सोडून उठले. प्रॉडक्शनच्या माणसाकडून पत्ता घेतला आणि निघाले. भुरभुर पाऊस होता, छत्री न्यायचं सुचलं नव्हतं. वाटेत दोनदा वाटलं परत फिरावं. ते दार उघडून काय म्हणतील? आणि काही म्हणालेच नाहीत, नुसते हसले, ते खोटं, खांद्यांचं हसणं, तर मी काय करू?

दुसरा मजला. दार उघडंच होतं. आत दोन सुटकेसा भरून ठेवलेल्या, सोफ्यावर धूळ बसू नये म्हणून चादर घातलेली. भाऊ खिडकीशी पाठमोरे उभे होते आणि टेबलावरच्या फोनमधून एक बायकी आवाज सांगत होता, “…आणि बाबा, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सुटकेसमध्ये नको.”

“बरं,” ते म्हणाले आणि वळले. मला पाहिलं. हातातला टॉवेल हातातच राहिला.

प्रत्यक्षात ते स्क्रीनवर दिसतात त्याहून बुटके आहेत. दाढी वाढलेली. मला त्या क्षणी इतके आवडले ते, की मी काय बोलायला आले होते तेच विसरले.

“बाबा? कोण आलंय?” फोन म्हणाला.

“…एडिटर आल्यात.”

“त्याच? तुम्हाला मरू न देणाऱ्या?” फोनमध्ये खुसखुस हसू आलं. “नमस्कार. मी मुलगी बोलतेय. खरीखुरी, टीव्हीवरची नव्हे. यांनी तुमचं एवढं सांगितलंय की मला तुमच्या नावाने डोहाळे लागायचे तेवढे राहिलेत. बाबा, मी ठेवते. गाडी यायला अर्धा तास आहे, नीट वापरा.” आणि फोन बंद झाला.

त्यांनी टॉवेल पुढे केला. “डोकं पुसा. भिजलात.”

मी टॉवेल घेतला, पण पुसलं नाही. “माफी मागायला आलेय,” मी म्हणाले. “तुमचा शेवटचा सीन मी घालवला. लोक हसतायत.”

“हसू देत.”

“तीस वर्षांचं काम तुमचं…”

“ऐका जरा.” ते चादरीवर बसले, मला समोरच्या खुर्चीकडे हात केला. “आजवर पाच-सहा वेळा मेलो असेन मी टीव्हीवर. बायको हयात होती तेव्हा ती असा सीन आला की उठून स्वयंपाकघरात जायची. पोरगी उशीत तोंड खुपसायची. आणि सेटवर ‘कट’ झाला की सगळे चहाला पळतात. मेल्यावर माझ्यापाशी कुणी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. काल रात्री पाहिलं. तुम्ही किती वेळ थांबला होतात, ते दिसत होतं. लोक हसले असतील. मी… मला नाही हसू आलं.”

मी टॉवेलमध्ये बोटं घट्ट रुतवली.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं. “सांगणार होतात ना? शेवटच्या शॉटनंतर? मी वाट बघत होते.”

“बोलणार होतो. पाठ होतं चांगलं. पण डोळे मिटून पडलो आणि मनात आलं, ही बाई माझे सगळे चेहरे ओळखते. कॅमेऱ्यात बघून बोललो तर हिला कसं कळणार, की हे खरं आहे? मलाच कधी कधी कळत नाही. म्हणून गप्प राहिलो.”

हीच शंका मला खात होती, आणि तीच त्यांनाही.

“आता कॅमेरा नाही,” मी म्हणाले.

“नाही.”

“मग बोला.”

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. घसा खाकरला. “म्हणजे असं आहे की… तुम्ही… मी जेव्हा तुमच्या त्या खोलीत…” कपाळावर घाम. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. पानंच्या पानं न अडखळता बोलणारा हा माणूस. हात कुठे ठेवायचे कळेना त्यांना. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं आणि कसलीही शंका उरली नव्हती.

“राहू द्या,” मी म्हणाले. “इतके दिवस तुम्हीच बोललात, मी ऐकलं. आता मी बोलते. तुमचं फुटेज आलं नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. तुम्ही त्या बाईचा हात हातात घेऊन मेलात, तर मला त्या बाईचा राग आला. तुम्ही मला हवे आहात. झालं. याहून सजवून मला नाही सांगता येत.”

त्यांचा हात पुढे आला, माझ्या हातातल्या टॉवेलवर थांबला, टॉवेलसकट माझी बोटं धरली. दाढी केली नव्हती, डोळ्यांखाली काळं होतं. कुठल्याच स्क्रीनवर मी हा चेहरा पाहिला नव्हता.

“मी जाणार आहे पण,” ते म्हणाले. “बाळ व्हायला महिना आहे. त्यानंतर किती, ठाऊक नाही.”

“जा ना. जायलाच हवं. नाही गेलात तर मीच ढकलीन.”

“आणि तुम्ही?”

“मी इथेच असणार. मला कुठे हार्ट अटॅक द्यायचाय कुणाला?”

ते हसले. डोळे हलले, खांदे नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एक सुटकेस त्यांनी उचलली, एक मी. जिन्यात एकमेकांच्या पावलांकडे बघत उतरलो, आणि मला तो जिना आणखी दहा मजले असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. ड्रायव्हरने सामान मागे टाकलं. पाऊस वाढला होता. ते आत बसले, दार लागलं, काच वर होती, ती खाली करायला त्यांनी बटण शोधलं ते सापडेना आणि गाडी हलली.

तेव्हा ते बोलले. बंद काचेआड, मला ऐकू जाणार नाही या भरवशावर असेल कदाचित. वर खोलीत अर्धा तास जे तोंडातून फुटलं नव्हतं, ते एका दमात.

पण आवाज बंद ठेवून मी या माणसाचे ओठ वर्षानुवर्षं पाहिलेत. तेच माझं काम आहे. एक अक्षर सुटलं नाही माझ्याकडून.

“जीव जडलाय माझा तुमच्यावर. लवकर येतो.”

गाडी पुढे गेली आणि मी तिच्यामागे चार पावलं धावले. “माझाही,” मी म्हणाले. मागच्या काचेत ते वळलेले दिसत होते, हाताने ‘काय?’ म्हणून विचारत होते. त्यांना कुठले ओठ वाचता यायला. मग मी तोंडाशी हात धरून, घसा ताणून ओरडले, “माझाही जडलाय.” रस्त्यावरचे दोघं-तिघं छत्र्या वर करून बघायला लागले. बघू देत म्हटलं, आणि आणखी एकदा ओरडले.